लाईन गेली तरी साईट पडू नये: गिटवर वेब ॲप बसवायची आणि अपडेट करायची रीत

आंबिया बहाराची तोड जोरात होती. वरुड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची साईट मी सांभाळतो. तिच्यावर रोजचे संत्र्याचे दर येतात आणि शेतकरी तिथेच तोडीची तारीख नोंदवतात. संध्याकाळी सातच्या सुमारास मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून मी एफटीपीने, म्हणजे फायली सर्व्हरवर पाठवायच्या जुन्या पद्धतीने, साईट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसची नवी आवृत्ती चढवत होतो. निम्म्या फायली गेल्या आणि लाईन गेली. थोड्या वेळाने टॉवरनेही मान टाकली. सर्व्हरवर अर्ध्या फायली नव्या, अर्ध्या जुन्या, आणि साईट उघडली की कोरं पांढरं पान. नेटवर्क आल्यावर पहिला फोन व्यवस्थापकांचा: “भाऊ, साईट काहून बंद हाय? इथं गाड्या उभ्या हाय ना बाप्पा!”

लाईनला बोलून काय उपयोग, ती जाणारच. चूक माझ्या पद्धतीची होती. चालू साईटच्या अंगावरच मी एकेक फाईल बदलत होतो, आणि मधेच थांबलो तर काय, याचा विचार केलेला नव्हता. आता माझ्याकडे नऊ साईट आहेत: एक जिनिंग, दोन शाळा, एक पतसंस्था, बाकी शेतमालाच्या. त्या सगळ्यांचं अपडेट मी गिटवरून, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनावरून करतो. ती पद्धत इथे पायरीपायरीने लिहितो. उदाहरण वर्डप्रेसचं घेतलंय, कारण आपल्याकडे दहातल्या सात-आठ गिऱ्हाइकांना तेच हवं असतं. मूडल (ऑनलाइन वर्गांचं ॲप) किंवा मीडियाविकीलाही (विकिपीडिया ज्यावर चालतो ते) हीच चौकट लागू पडते.

एक सूचना आधीच. आज्ञा आणि फायलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमन लिपीत टाइप करायची.

आधी काय लागतं

एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर आज्ञा चालवायची सोय, मिळणारं होस्टिंग. एवढं नसेल तर पुढचं सगळं वाचण्यापुरतं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगमध्येही हल्ली बऱ्याच ठिकाणी एसएसएच देतात, पण पैसे भरण्याआधी विचारून घ्या, कारण काही कंपन्या ते फक्त वरच्या प्लॅनमध्ये ठेवतात. मी लहान व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) वापरतो, त्यावर उबुंटू लिनक्स. सर्व्हरवर गिट, पीएचपी, मायएसक्यूएल आणि वर्डप्रेसची आज्ञावली म्हणजे डब्ल्यूपी-सीएलआय बसवून घ्या. लॅपटॉपवर गिट पुरेसं आहे.

गिट नवीन असेल तर घाबरू नका. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं. हजारो लोकांचे बदल एकत्र करण्यासाठी घडवलेलं हत्यार आहे हे, आपल्याला त्यातल्या दहा-बारा आज्ञा लागतात. त्यातला एक गुण आपल्या भागासाठी सोन्यासारखा आहे. गिटने बदल पाठवताना मधेच कनेक्शन तुटलं तर समोरच्या रिपॉझिटरीत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या कोठारात) काहीच बदलत नाही. सगळा माल पोचून तपासून झाल्याशिवाय ब्रँचचं, म्हणजे बदलांच्या त्या फांदीचं, टोक पुढे सरकत नाही. एफटीपीत जो अर्धवटपणा मला भोवला, तो इथे मुळातच होत नाही.

पहिली पायरी: चार गोष्टी वेगळ्या करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वेब ॲप म्हणजे एकच फोल्डर वाटतं, पण त्यात चार वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी कालवलेल्या असतात. एक, कोड: वर्डप्रेस, थीम, प्लगिन. दुसरी, सेटिंगची फाईल म्हणजे डब्ल्यूपी-कॉन्फिग, जिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो. तिसरी, लोकांनी चढवलेल्या गोष्टी म्हणजे अपलोड्सचं फोल्डर: फोटो, दरपत्रकाच्या पीडीएफ. चौथी, डेटाबेस.

गिटमध्ये जायचा फक्त कोड. बाकी तिन्ही बाहेर. डब्ल्यूपी-कॉन्फिग आणि अपलोड्स ही नावं ‘डॉट गिटइग्नोर’ फाईलमध्ये (गिटने काय वगळायचं त्याची यादी) पहिल्या कमिटच्या, म्हणजे गिटमधल्या पहिल्या नोंदीच्या, आधीच लिहा. आधीच म्हणतो त्याला कारण आहे. एकदा पासवर्ड कमिट झाला की पुढच्या कमिटमध्ये फाईल काढून टाकली तरी इतिहासात तो राहतोच. असं झालंच तर इतिहास खरवडत बसू नका, पहिल्यांदा पासवर्ड बदला.

सर्व्हरवर प्रत्येक साईटच्या फोल्डरात मी तीन नावं ठेवतो. ‘रिलीजेस’मध्ये प्रत्येक आवृत्तीचं वेगळं फोल्डर, नाव तारीख-वेळेचं. ‘शेअर्ड’मध्ये सेटिंगची फाईल आणि अपलोड्स. आणि ‘करंट’ हे खरं फोल्डर नसून सिमलिंक असते, म्हणजे चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारी पाटी. एनजिनएक्सला, म्हणजे पानं पुरवणाऱ्या वेब सर्व्हरला, फक्त ‘करंट’ माहीत असतं. ही मांडणी माझी नाही. रुबीवाल्यांच्या कॅपिस्ट्रानो या साधनामुळे ती सगळीकडे पसरली, आणि तिच्यापेक्षा चांगली मला अजून सापडलेली नाही.

मालकीही इथेच ठरवा. कोडच्या फायली एका वेगळ्या वापरकर्त्याच्या नावावर असू द्या, आणि वेब सर्व्हर ज्या नावाने चालतो त्याला त्या फक्त वाचता याव्यात. लिहायची मुभा अपलोड्सपुरती. त्या फोल्डरात पीएचपी चालणार नाही, अशी ओळ एनजिनएक्समध्ये टाका. मग एखाद्या प्लगिनला भोक असलं तरी त्यातून घुसणाऱ्याला कोडमध्ये हात घालता येत नाही.

दुसरी पायरी: खुंट आणि डोळा

शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंट वेगळा, वरचं झाड वेगळं, आणि जोड कुठे आहे हे माळी बोट ठेवून दाखवतो. आपल्या रिपॉझिटरीतही असाच जोड दिसला पाहिजे.

‘अपस्ट्रीम’ नावाची ब्रँच काढा. तिच्यात वर्डप्रेसची अधिकृत झिप जशीच्या तशी उघडून कमिट करायची. तिच्यात आपला स्वल्पविरामसुद्धा नको. त्या कमिटला आवृत्तीच्या नावाचा टॅग, म्हणजे खुणेची चिठ्ठी, द्या. मग तिथून प्रत्येक साईटसाठी एक ब्रँच फोडा: ‘जिनिंग’, ‘शाळा-एक’, ‘संत्रा’. आपली थीम, आपले प्लगिन, गिऱ्हाइकाने हट्टाने करून घेतलेले बदल, हे सगळं या साईटच्या ब्रँचमध्ये.

नवी आवृत्ती आली की ‘अपस्ट्रीम’वर जा, वर्डप्रेसच्या जुन्या सगळ्या फायली पुसा, नवी झिप उघडा, ‘गिट ॲड’ला सगळे बदल घ्यायला सांगा, कमिट करा, टॅग द्या. जुन्या फायली पुसायची पायरी बरेच जण गाळतात आणि नवी झिप जुन्यावरच उघडतात. मग मूळ प्रकल्पाने काढून टाकलेल्या फायली आपल्याकडे वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि काढून टाकण्याचं कारण कधी कधी सुरक्षेचं असतं.

त्यानंतर साईटच्या ब्रँचवर येऊन ‘गिट मर्ज अपस्ट्रीम’, म्हणजे त्यांचे बदल आपल्यात मिसळायचे. इथे खरी मजा आहे. गिट तीन गोष्टी समोर ठेवतं: जुनी मूळ आवृत्ती, नवी मूळ आवृत्ती आणि आपली. ज्या ओळी फक्त त्यांनी बदलल्या त्या त्यांच्या घेतं, ज्या फक्त आपण बदलल्या त्या आपल्या ठेवतं. दोघांनी एकाच जागी हात घातला असेल तेवढंच आपल्याला विचारतं. झिप थेट चढवली असती तर आपले बदल गपकन गेले असते, आणि ते गेल्याचं महिन्याभराने गिऱ्हाईक सांगतं तेव्हा कळलं असतं.

अशी गाठ पडली, म्हणजे कॉन्फ्लिक्ट आला, तर ती सोडवण्याआधी ‘रिरेरे’ नावाची सेटिंग चालू करा. एकदा सोडवलेली गाठ गिट लक्षात ठेवतं आणि तीच गाठ दुसऱ्या ब्रँचमध्ये आली की तुमचं जुनं उत्तर आपणहून लावतं. नऊ साईटना नऊदा तेच काम करण्यापेक्षा हे बरं. फक्त कमिट करण्याआधी नजर टाका, कारण चुकीचं उत्तरही ते तितक्याच इमानदारीने लक्षात ठेवतं.

खरं तर कॉन्फ्लिक्ट वारंवार येत असतील तर दोष आपला असतो. मूळ फायलीत हात घालायची गरज वर्डप्रेसमध्ये जवळजवळ नसते. हूक आहेत (मूळ कोडला आपला कोड जोडायच्या जागा), चाइल्ड थीम आहे (मूळ थीमवरचे आपले बदल वेगळे ठेवणारी). खुंटावर फूट दिसली की माळी ती खुडतो, तसे मूळ फायलींतले बदल दिसले की मी ते उचलून प्लगिनमध्ये नेतो. एका शाळेच्या साईटवर आधीच्या माणसाने लॉगिनच्या मूळ फाईलमध्ये शाळेचा फोन नंबर लिहून ठेवला होता. दर अपडेटला तो उडायचा आणि दरवेळी कोणीतरी पुन्हा लिहायचं.

मूडल, मीडियाविकी यांचा मूळ कोड गिटवरच असतो. तिथे झिपची खटपट नको, त्यांच्या रिपॉझिटरीतून स्थिर ब्रँच किंवा टॅग सरळ आणून मर्ज करता येतो.

देवनागरी नावांच्या फायली असतील तर आणखी एक सेटिंग करून ठेवा. ‘संत्रा-दर’ नावाची फाईल गिट आकडे आणि उलट्या तिरक्या रेघांच्या जंजाळात दाखवतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला फाईल खराब झाली असं वाटतं. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नाव मराठीत दिसतं.

तिसरी पायरी: सर्व्हरला फक्त चिठ्ठी

सर्व्हरवर ‘बेअर’ रिपॉझिटरी तयार करा, म्हणजे जिच्यात फक्त इतिहास असतो, उघड्या फायली नसतात. लॅपटॉपवरून तिथे पुश करायचं, म्हणजे आपले बदल पाठवायचे. पुश पूर्ण झाल्यावर गिट ‘पोस्ट-रिसीव्ह’ नावाची हूक-स्क्रिप्ट चालवतं. बहुतेक जण अपडेटचं सगळं काम याच हूकमध्ये करतात. मीही करायचो. अडचण अशी की हूक माझ्या कनेक्शनला बांधलेली असते. काम चालू असताना नेटवर्क गेलं तर स्क्रिप्ट कुठल्याही पायरीवर अडू शकते, आणि मग पुन्हा तोच अर्धवटपणा.

म्हणून माझी हूक फक्त एक चिठ्ठी टाकते. कुठला टॅग आला त्याचं नाव ‘रांग’ नावाच्या फोल्डरातल्या एका फाईलमध्ये लिहिते आणि संपते. दर मिनिटाला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) येतो, चिठ्ठी उचलतो आणि काम सुरू करतो. माझा लॅपटॉप बंद पडो, टॉवर झोपो, सर्व्हर आपलं काम पुरं करतो. क्रॉनच्या ओळीत ‘एफलॉक’ लावा, नाहीतर पहिलं काम चालू असतानाच दुसरा क्रॉन येऊन धडकतो. क्रॉनचा पाथ (आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो हेही लक्षात घ्या. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून ‘कमांड सापडली नाही’ म्हणते ती बहुधा यामुळेच. स्क्रिप्टच्या डोक्यावर पाथ पूर्ण लिहून टाका.

पुश केलेल्या प्रत्येक कमिटला साईटवर जाऊ देऊ नका. ‘संत्रा’ ब्रँचवर मी दिवसभर काहीबाही पुश करतो. साईटवर जातो तो फक्त ‘संत्रा’ने सुरू होणारा टॅग. टॅग देणं म्हणजे सही करणं.

चौथी पायरी: स्क्रिप्टमध्ये काय, कुठल्या क्रमाने

बॅशची, म्हणजे टर्मिनलच्याच आज्ञांची, शंभरेक ओळींची स्क्रिप्ट पुरते. पहिल्या ओळींतच सांगा की कुठलीही आज्ञा फसली तर तिथेच थांब. ‘सेट’ आज्ञेला ‘ई’ आणि ‘यू’ हे पर्याय द्या, सोबत ‘पाइपफेल’ही. पाइपफेलची गोष्ट पुढे येतेच.

डिस्कवर जागा आहे का ते पाहा. मग ‘गिट आर्काइव्ह’ने त्या टॅगच्या फायली ‘रिलीजेस’मधल्या नव्या फोल्डरात उतरवा. क्लोनऐवजी (सगळी रिपॉझिटरीच उतरवण्याऐवजी) आर्काइव्ह का, तर त्यात ‘डॉट गिट’ फोल्डर येत नाही. वेब फोल्डरात ते फोल्डर उघडं राहिलं तर कुणीही ब्राउझरमधून तुमचा सगळा कोड, इतिहासासकट, उतरवून घेऊ शकतो. असं फोल्डर शोधत फिरणारे बॉट रोज तुमच्या साईटवर येऊन जातात, ॲक्सेस लॉग उघडून बघा.

मग ‘शेअर्ड’मधल्या सेटिंगच्या आणि अपलोड्सच्या सिमलिंक नव्या फोल्डरात जोडा. कंपोझर (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) वापरत असाल तर ‘लॉक’ फाईल गिटमध्ये असायलाच हवी आणि इथे ‘कंपोझर इन्स्टॉल’ चालवायचं. ‘अपडेट’ चुकूनही नाही, नाहीतर तुम्ही तपासलेली आवृत्ती एक आणि सर्व्हरवर गेलेली दुसरी. इथपर्यंत चालू साईटला आपण हातही लावलेला नाही. या टप्प्यात काहीही फसलं तरी बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

आता डेटाबेसचा बॅकअप. ‘मायएसक्यूएलडंप’ला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्या, म्हणजे इनोडीबीची (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या प्रकारची) टेबलं कुलूप न लावता एकाच क्षणाची प्रत मिळते. अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ असा स्पष्ट लिहा. अक्षरसंचाच्या घोळामुळे मराठी मजकूर प्रश्नचिन्हांत परत आल्याचे किस्से आपल्यातल्या प्रत्येकाकडे असतील. डंप सरळ जीझिपमध्ये जातो, आणि इथे पाइपफेल नसेल तर मोठा धोका आहे. डंप पहिल्या सेकंदाला मेला तरी जीझिप आनंदाने रिकामी फाईल बांधतं आणि बॅशला सगळं ठीक वाटतं. माझ्याकडे एकदा अशा सलग बावीस रिकाम्या फायली साठल्या होत्या. कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. आता स्क्रिप्ट डंपची शेवटची ओळ वाचते. पूर्ण झालेल्या डंपच्या शेवटी ‘डंप कम्प्लीटेड’ असं लिहिलेलं असतं. ते नसेल तर पुढे जायचं नाही.

त्यानंतर साईट देखभाल-अवस्थेत टाका, नव्या फोल्डरातून डब्ल्यूपी-सीएलआयची ‘कोअर अपडेट-डीबी’ आज्ञा चालवा आणि पाटी फिरवा. पाटी फिरवतानाही एक बारकावा आहे. लिंक जोडणाऱ्या ‘एलएन’ला जुनी लिंक बदलायला सांगितलं की त्याच्या जुन्या आवृत्त्या आधी जुनी काढायच्या आणि मग नवी लावायच्या. मधल्या क्षणी ‘करंट’ अस्तित्वातच नसायचं. त्यामुळे नवी लिंक तात्पुरत्या नावाने तयार करा आणि ‘एमव्ही’ला मोठा ‘टी’ पर्याय देऊन ती ‘करंट’वर ठेवा. नाव बदलणं लिनक्स एका झटक्यात करतं. मग पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करा. नाहीतर पीएचपी पाटीचा जुना पत्ता आपल्या स्मरणात धरून बसतं (मुदत मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंदांची), आणि दोन मिनिटं काही लोकांना जुना कोड, काहींना नवा.

शेवटी देखभाल-अवस्था काढा आणि ‘कर्ल’ने मुखपृष्ठ मागवा. २०० हा ‘सगळं ठीक’ सांगणारा कोड आला का, आणि पानात साईटचं मराठी नाव आहे का, दोन्ही बघा. नुसत्या २०० वर विश्वास ठेवू नका. अर्धं पान छापून मेलेली पीएचपीसुद्धा २०० देऊन जाते. तपासणी फसली तर स्क्रिप्टनेच पाटी जुन्या फोल्डरकडे वळवायची आणि मला एसएमएस किंवा टेलिग्राम पाठवायचा. सगळं ठीक असेल तर शेवटची पाच रिलीज ठेवून बाकीची पुसायची.

डेटाबेस मागे येत नाही

कोड मागे नेणं म्हणजे पाटी फिरवणं, एका सेकंदाचं काम. डेटाबेसचं तसं नाही. सकाळी दहाला अपडेट केलं, दुपारी दोनला बिघाड कळला, आणि दहाचा डंप परत चढवला, तर मधल्या चार तासांत झालेल्या नोंदी गेल्या. संत्र्याच्या साईटवर त्या नोंदी म्हणजे कोणाच्या बागेत कधी तोड, याचा हिशेब. तो हरवून चालत नाही.

म्हणून आपल्या स्वतःच्या प्लगिनमध्ये टेबलाचा आकार बदलायचा असेल तर मी फक्त भर घालतो. नवा रकाना वाढवायचा, जुना तसाच ठेवायचा. जुना कोड नव्या रकान्याकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे कोड मागे नेला तरी डेटाबेस तोच चालतो. जुना रकाना दोन-तीन रिलीज सुखरूप गेल्यावर काढायचा. मूळ वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्तीबाबत हे आपल्या हातात नसतं. तिथे आधी साईटची प्रत दुसऱ्या सबडोमेनवर उभी करून तिच्यावरच सगळी स्क्रिप्ट चालवतो.

वर्डप्रेसच्या स्वतःच्या अपडेटचं काय

२०१३ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस छोटी सुरक्षा-अपडेट आपोआप घेतं. फोल्डरात ‘डॉट गिट’ दिसलं तर मात्र ते समजून थांबतं. आपण आर्काइव्हने फायली उतरवल्या, म्हणजे ‘डॉट गिट’ नाही, म्हणजे वर्डप्रेसला वाटतं रान मोकळं आहे. आणि ते गिटला न सांगता कोड बदलायला बघतं. कोडवर लिहायची मुभा नसली तर त्याला ते जमत नाही. मुभा राहिली असेल तर गिटमध्ये एक आवृत्ती, साईटवर दुसरी.

डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये ‘डिसअलाऊ फाईल मॉड्स’ हा स्थिरांक ‘ट्रू’ करा. डॅशबोर्डातलं ‘अपडेट’ बटण आणि ‘नवीन प्लगिन’ दोन्ही बंद होतात. गिऱ्हाईक कुरकुरेल, कारण त्याच्या पुतण्याला रोज एक नवा स्लायडर बसवून बघायचा असतो. कुरकुरू द्या.

पण मग सुरक्षेची जबाबदारी पूर्ण तुमच्या डोक्यावर येते हे पक्कं समजा. मी प्रयोगाच्या साईटवर रोज सकाळी ‘कोअर चेक-अपडेट’ चालवतो आणि नवं काही असेल तर मोबाईलवर निरोप येतो. छोटं सुरक्षा-अपडेट त्याच दिवशी. मोठी आवृत्ती हंगाम बघून: संत्र्याच्या साईटवर तोडीच्या दिवसांत नाही, जिनिंगच्या साईटवर दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की नाही, शाळेच्या साईटवर निकालाच्या आठवड्यात नाही. हे वेळापत्रक मी प्रत्येक ब्रँचमधल्या एका साध्या मजकूर-फाईलमध्ये लिहून ठेवलंय.

‘कोअर व्हेरिफाय-चेकसम्स’ ही आज्ञा आठवड्यातून एकदा क्रॉनमध्ये लावा. मूळ फायलींत कुणी काही घुसवलं असेल तर ती नाव घेऊन सांगते. आणि मराठी भाषांतराच्या फायली ‘लँग्वेजेस’ फोल्डरात असतात. त्या गिटमध्ये घ्यायला विसरलात तर पहिल्याच अपडेटनंतर डॅशबोर्ड इंग्रजी होतो आणि शाळेचे मुख्याध्यापक तुम्हाला सकाळी सातला फोन करतात.

नवी साईट बसवणं

वरची चौकट तयार असली की हे सोपं आहे, म्हणून थोडक्यात. प्रत्येक साईटची एक छोटी फाईल: डोमेन, नाव, डेटाबेसचं नाव, भाषा. दुसरी स्क्रिप्ट ती वाचून डेटाबेस तयार करते, फोल्डरं पाडते, ‘कॉन्फिग क्रिएट’ आणि ‘कोअर इन्स्टॉल’ चालवते, एनजिनएक्सची फाईल साच्यातून काढते आणि पहिला टॅग रांगेत टाकते. पासवर्ड आज्ञेच्या ओळीत लिहू नका, तो इतिहासात आणि प्रक्रियांच्या यादीत दिसतो. ‘कोअर इन्स्टॉल’ला पासवर्ड दिलाच नाही तर ते स्वतः एक बनवून दाखवतं, तोच वापरा. आधी अर्धा दिवस जायचा. आता चहा होईपर्यंत साईट उभी असते आणि डीएनएसची (डोमेनचं नाव सर्व्हरला जोडलं जाण्याची) वाट बघावी लागते.

नेटवर्क अगदीच नसेल तर

झिप लॅपटॉपवर उतरवून पुन्हा चढवायचा उद्योग बंद करा. ‘अपस्ट्रीम’ ब्रँचचं काम एसएसएचने सर्व्हरवरच करा. डेटा सेंटरच्या नेटला झिप उतरवायला काही सेकंद लागतात, आपल्या हॉटस्पॉटला पाऊण तास. सर्व्हरवर काम करताना ‘टीमक्स’ उघडा. कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू राहतं, परत जोडलं की पडदा जिथे होता तिथेच सापडतो.

‘गिट क्लोन’ मधेच तुटलं तर पहिल्यापासून सुरू होतं, हा त्याचा वाईट गुण. मोठी रिपॉझिटरी असेल तर ‘डेप्थ’ एक देऊन फक्त शेवटची अवस्था आणा, इतिहास नंतर हप्त्याहप्त्याने खोल करता येतो. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ‘गिट बंडल’. सगळी रिपॉझिटरी एका फाईलमध्ये बांधली जाते. अमरावतीला गेलो की चांगल्या नेटवर ती पेनड्राइव्हमध्ये घेतो, आणि घरी येऊन त्या फाईलवरूनच क्लोन करतो. पुढचे बदल काही केबींचे असतात, ते टू-जीसारख्या नेटवरही सरकतात.

परत फिरायची तालीम

मागे फिरायची स्क्रिप्ट वेगळी ठेवा, दहा ओळींच्या आत, आणि नाव छोटं. माझीचं नाव ‘परत’. साईटचं नाव दिलं की पाटी आधीच्या रिलीजकडे वळते, एफपीएम रीलोड होतं, कर्लने तपासणी होते, बस. मोबाईलवर टर्मक्स (फोनवरचं टर्मिनल) टाकून त्यात एसएसएचची किल्ली ठेवली आहे. किल्लीला पासफ्रेज आहे, फोन हरवू शकतो. बिघाडाचा फोन तुम्ही लॅपटॉपजवळ बसलेले असताना येत नाही, तो वावरात किंवा एसटीत येतो.

मग तालीम करा. प्रयोगाच्या साईटवर थीममधला एक कंस मुद्दाम खोडा, टॅग द्या, पुश करा. स्क्रिप्टने स्वतःहून जुनी रिलीज लावली पाहिजे. दुसऱ्यांदा पुश संपताच वायफायचा प्लग ओढा आणि साईट पूर्ण अपडेट होते का ते मोबाईलवर बघा. तिसऱ्यांदा डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा करा आणि स्क्रिप्ट बॅकअपपाशी थांबते का ते पाहा. चौथ्यांदा लॅपटॉप मिटून ठेवा, अंगणात जा आणि फोनवरून ‘परत’ चालवा. चारही गोष्टी सलग जमल्या की मग गिऱ्हाइकाच्या साईटला हात लावा, आणि सुरुवात शाळेच्या साईटपासून करा, पतसंस्थेच्या नाही.